राख आणि राखण

राखेच्या बुधवारी वेदीपुढे लागणारी रांग वर्षातल्या इतर कोणत्याही रांगेपेक्षा शांत असते. गेल्या वर्षीच्या झावळ्यांची राख चिमटीत घेऊन धर्मगुरू एकेकाच्या कपाळी लावतो आणि माणूस मातीचा आहे, त्याला मातीतच परत जायचे आहे, ह्याचे स्मरण देतो. शाळकरी पोरे, बँकेतले अधिकारी, वाडीतून हातपाय धुऊन थेट आलेले शेतकरी, सर्वांना एकच स्मरण. आपल्या मराठीत 'रक्षा' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत, एक राख आणि दुसरा राखण. राख लावता लावता हे दोन्ही अर्थ माझ्या मनात घोळत राहतात.

मातीच्या बाबतीत आपली भाषा तशी दुटप्पीच आहे. जमिनीला आपण काळी आई म्हणतो आणि ज्याला काही किंमत उरली नाही त्याला मातीमोल म्हणतो. बायबलची हिब्रू भाषा असा दुजाभाव करीत नाही. तेथे जमीन म्हणजे 'अदामा' आणि त्या जमिनीपासून घडला तो 'आदाम'. लॅटिनमध्येही 'हुमुस' म्हणजे माती, आणि नम्रतेला जो शब्द आहे, 'हुमिलितास', तो त्याच कुळातला. (सेमिनरीत लॅटिन शिकताना आमच्यापैकी अनेकांना नम्रतेचा प्रत्यय निराळ्याच कारणाने आला, तो भाग वेगळा.)

असे असताना, पृथ्वीच्या विध्वंसाचे मूळ आपल्याच धर्मात आहे, असा आरोप झालेला आहे. लिन व्हाइट ह्या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ साली 'सायन्स' ह्या साप्ताहिकात एक लेख लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मानवाला सृष्टीवर सत्ता चालविण्याची आज्ञा आहे. ती मनात मुरलेल्या पाश्चात्त्य ख्रिस्ती समाजाने निसर्ग आपल्याचसाठी आहे असे गृहीत धरले. उत्तर युरोपात जड नांगर आला आणि जमिनीशी माणसाचे नाते बदलले, हा त्याचा एक दाखला. पुढे १६३७ साली देकार्त ह्या तत्त्वज्ञाने विज्ञानाच्या बळावर आपण निसर्गाचे जणू स्वामी होऊ, अशी आशा व्यक्त केली. त्यातला 'जणू' लोकांनी पुढे गाळून टाकला, असे मला वाटते.

हा आरोप ऐकून आपण लगेच ढाल पुढे करावी, असे मला वाटत नाही. पहिल्या अध्यायातली क्रियापदे खरोखरच कठोर आहेत. एकाचा अर्थ पायाखाली आणणे, दुसऱ्याचा, 'रादा'चा, अधिकार गाजविणे. पण हाच 'रादा' यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातही भेटतो. जे मेंढपाळ कळपावर जुलमाने अधिकार गाजवतात, दुबळ्याला बळ देत नाहीत, जखमीला पट्टी बांधत नाहीत, त्यांची परमेश्वर तेथे कठोर झडती घेतो. म्हणजे अधिकार दिला खरा, पण त्याचा हिशेबही मागितला.

आणि दुसरा अध्याय तर अवश्य वाचावा. तेथे परमेश्वर मनुष्याला बागेत ठेवतो तो दोन कामांसाठी, मशागत आणि राखण. मूळ हिब्रूत ही क्रियापदे 'आवद' आणि 'शामर' अशी आहेत. 'आवद' म्हणजे कष्ट करणे, तसेच सेवा करणे आणि उपासना करणेही. गणना ग्रंथात लेवींना पवित्र निवासमंडपाची कामे नेमून दिली आहेत, तेथे हीच जोडी येते. वेदीपाशी लेवीने जे करायचे, तेच बागेत आदामाने करायचे. केळीच्या बुंध्याला आळे करणारा माणूस आणि मिस्सा अर्पण करणारा मी, ह्यांच्या कामांत पवित्र शास्त्र एवढे अंतर मानीत नाही, हे मला प्रथम समजले तेव्हा धक्काच बसला होता.

'शामर'चा माग आणखी काढता येतो. काइनाने भावाची हत्या केली आणि देवाने विचारणा करताच, मी का त्याचा राखणदार, असे तो उलटून म्हणाला. त्या 'राखणदार' शब्दात हेच क्रियापद आहे. लगेच पुढे, भावाचे रक्त प्यालेली जमीन त्याला पीक देणार नाही, असे परमेश्वर सांगतो. जमिनीची राखण आणि भावाची राखण ही दोन वेगळी खाती नाहीत. अहरोन लोकांना जो आशीर्वाद देतो त्यातही, परमेश्वर तुझी राखण करो, असे म्हणताना हेच क्रियापद येते. जो आपली राखण करतो त्याने आपल्याला त्याचेच काम वाटून दिले आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे विश्वपत्र लिहिले, त्यात मशागत आणि राखण ह्या दोन शब्दांवरच भर दिला आहे.

ह्या राखणीत विज्ञानाची बाजू कोणती, ह्याचा विचार करताना मला डार्विन आठवतो. हे नाव धर्मग्रामाच्या सभेत घेतले की अजूनही काही भुवया उंचावतात; वास्तविक, उत्क्रांतिवाद हे आता केवळ गृहीतक राहिलेले नाही, असे पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९६ सालीच म्हटले होते. ह्या डार्विनचे शेवटचे पुस्तक, १८८१ सालचे, गांडुळांवर आहे. त्याच्या घराजवळच्या कुरणात १८४२ साली खडूच्या दगडाचे तुकडे पसरले होते. २९ वर्षांनी तेथे चर खणून पाहिला, तेव्हा ती पांढरी रेघ जमिनीखाली ७ इंचांवर सापडली. गांडुळांनी विष्ठेच्या रूपाने माती वर आणून दगड झाकले होते. माणसाच्या नांगराच्या कितीतरी आधीपासून जमीन नांगरली जात होती, असा त्याने निष्कर्ष काढला. गांडुळांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी ह्या वृद्ध गृहस्थाने कुंडीतल्या गांडुळांपुढे शिटी फुंकविली, मुलाकडून वाद्य वाजविले, पियानोही वाजविला. गांडुळे ढिम्म! मात्र कुंडी पियानोवर ठेवून सूर छेडला, तेव्हा ती झटकन बिळात शिरली. जमिनीवर रांगून एवढे बारकाईने पाहणाऱ्या माणसाला मी नम्र म्हणेन, त्याचे धर्मविचार काहीही असोत.

लिन व्हाइटच्या लेखाचा शेवट फारसा कोणी सांगत नाही. पर्यावरणाचा आश्रयदाता संत म्हणून त्याने असिसीच्या संत फ्रान्सिसचे नाव सुचविले होते. १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी तसे घोषितही केले. हे फ्रान्सिस मठाच्या माळ्याला सांगत, की सारी बाग भाजीपाल्याखाली आणू नकोस, काही भाग रानफुलांसाठी मोकळा सोड. मरतेसमयी त्यांनी स्वतःला उघड्या जमिनीवर ठेवण्यास सांगितले.

परंतु संतांच्या कथा सांगणे सोपे आहे. आपल्या वसईत १९८०च्या दशकात टँकर भरभरून पाणी बाहेर जाऊ लागले आणि गोड्या विहिरी मचूळ झाल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी 'हरित वसई'चा लढा दिला. वाड्या मात्र विकल्या जातच राहिल्या.

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध शेतकरी माझ्याकडे आले. "फादर, वाडी विकली तर पाप लागेल का?" एक मुलगा आखातात, दुसरा मुंबईला नोकरीत, मजुरी दिल्यावर केळीत काही उरत नाही, गुडघे गेलेले. मी म्हटले, "काका, तुम्ही पन्नास वर्षे राखण केलीत. तुम्हाला पापाची भाषा मी कोणत्या तोंडाने ऐकवू?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बावखलाचं काय? ते बुजवतील." माझ्यापाशी उत्तर नव्हते.

वाडी त्यांनी विकलीच. मात्र बावखल बुजवायचे नाही आणि काठावरचे आंब्याचे झाड तोडायचे नाही, ही अट लिहून घेतली. त्यासाठी भावात बरीच खोट सोसली. मुले रागावली. आज तेथे पाच मजली इमारत आहे आणि मागच्या अंगाला बावखलही आहे. रविवारी मिस्सेनंतर काका काठी टेकीत तेथे जातात आणि बांबूने पाण्यावरचे शेवाळ ओढून काढतात. सुरुवातीला वॉचमनने त्यांना फाटकातच अडविले होते. आता तो त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवतो.