ताई, चेंडू ठेव आणि जोडी उचल

प्रिय ताईस,


काल फोनवर मी करेलांच्या, म्हणजे व्यायामाला फिरवायच्या लाकडी मुदगलांच्या जोडीचं नाव काढलं आणि ‘ते पैलवानांचं काम’ म्हणून तू विषयच मिटवलास, म्हणून सविस्तर लिहितो.

कुकरचं झाकण लावताना मनगट दगा देतं, टॉवेल कितीही पिळला तरी पाणी गळत राहतं, हे तू सहज बोलून गेलीस. मला ते सहज वाटलं नाही. डॉक्टरांनी मोजली तेव्हा तुझ्या उजव्या मुठीची ताकद १४ किलो भरली. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली बायकांसाठी १८ किलो ही खालची मर्यादा ठरवली आहे. त्याखाली आकडा गेला की स्नायू झिजताहेत का, हे बघावं लागतं. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांचा. मुठीची ताकद ५ किलोंनी कमी, तर मृत्यूचा धोका साधारण १६ टक्क्यांनी जास्त, असं त्यात दिसलं. मूठ आवळली की आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ नाही. मूठ ढिली पडते तेव्हा बहुधा सगळं शरीरच ताकद गमावत असतं, आणि मला काळजी त्याची आहे.

मुठीसाठी तू दाबतेस तो रबरी चेंडू वाईट नाही, पण अपुरा आहे. बोटं मिटणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर ते मनगट या भागात असतात आणि त्यांच्या लांब कंडरा पंजात उतरतात. चेंडू दाबताना मुख्यतः हीच मिटणारी बाजू राबते. पंजा मागे तोलून मनगट स्थिर ठेवणारी बाजूही सोबत ताणलेली असते, पण जागच्या जागी; खांद्याला आणि पाठीला तर फारसं काम पडतच नाही. घरात मात्र आपण नुसती मूठ कधी वळतो? पाण्याची बादली उचलून चालतो, वळतो, ती हिंदकळते, हातातून निसटू बघते आणि आपण धरून ठेवतो. करेल फिरवताना हात नेमकं हेच शिकतो.

करेलाचं वजन मुठीत नसतं, पुढच्या फुगीर टोकात असतं. वर नेलेला हात खाली येतो तेव्हा ते वजन बाहेर पळू बघतं. दोन किलोंचं वजन खांद्यापासून मीटरभर अंतरावर सेकंदाला ४ मीटर वेगाने तळाशी आलं, तर मुठीला सव्वापाच किलोंच्या आसपास ओढ बसते. वेग दुप्पट झाला तर तीच ओढ १५ किलोंवर जाते. म्हणजे जोडी हलकी असली तरी मुठीला भरपूर काम मिळतं. हात वर गेला की ओढ ओसरते, तेव्हा मूठ सैल सोडायची. वेळेवर घट्ट आणि वेळेवर सैल, ही खरी पकड. सतत आवळून धरणाऱ्याचा हात दोन मिनिटांत भरून येतो.

सुरुवात एका हाताने कर. दांड्याच्या टोकाचा गोळा करंगळीखाली येऊ दे, अंगठा बोटांवर ठेव. आधी नुसतं पुढे-मागे झुलव. ते जमलं की हात डोक्यावर ने, कोपर वाकवून करेल पाठीमागे सोड आणि पाठीला न घासता गोल फिरवून पुन्हा समोर आण. दांडा मुठीत किंचित फिरला पाहिजे. खांदा कानाकडे चढायला लागला की थांब. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखलं तर त्या दिवशी जोडी खाली ठेव. स्नायू लवकर तयार होतात, कंडरा सावकाश. वजन वाढवायची घाई करणाऱ्यांची कोपरं मी दुखावलेली पाहिली आहेत.

आता पैलवानांचं. बनारसच्या आखाड्यांत फिरते ती जोडी बघून छाती दडपते, हे खरं. पण इंग्रजांनी हा व्यायाम इथून उचलून नेला तेव्हा लंडनमध्ये डोनाल्ड वॉकरने १८३६ साली खास बायकांसाठी पुस्तक काढलं आणि त्यात हलक्या जोडीचे हात दिले. पुढे १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये हीच हलकी जोडी फिरवण्याची स्पर्धा होती. आणि लांब कशाला जायचं, शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही मुलींनी ढोलाच्या ठेक्यावर करेलांची कवायत केली होती. तुझा हात सगळ्यांत सरळ होता. तो व्यायाम आपण मुलींच्या हातातून काढून घेतला आणि तालमीच्या भिंतीला टांगला, हे मला मुळीच पटत नाही.

रविवारी येतोय. सुताराकडून अर्ध्या अर्ध्या किलोची सागवानी जोडी करून घेतली आहे. गच्चीवरच्या कुंड्या एका बाजूला सरकवून ठेव, हात मोकळा फिरायला जागा लागते. तीन महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडे जाऊन मूठ पुन्हा मोजून घेऊ.

तुझा धाकटा भाऊ