करपा

बाबा गेल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा. वडखळच्या घरामागचं परस यंदा ओस पडणार असं मी धरूनच चाललो होतो. नोव्हेंबरात गेलो तर आईने टोमॅटोची बारा रोपं लावलेली! बी बाबांनीच कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेलं. शेजारच्या वाफ्यात घरातले कोंब आलेले बटाटेही पुरले होते. "आपल्याकडे कुठे बटाटे होतात?" मी हसलो. "नाही झाले तर नाही झाले," आई म्हणाली.

जानेवारीत हवा चार दिवस ढगाळ राहिली, पहाटे दव. खालच्या पानांवर तपकिरी डाग दिसायला लागले. आईला वाटलं हायवेची धूळ. फडक्याने पुसून पाहिलं, जाईना. मी जवळून बघितलं तर डागात एकात एक वर्तुळं, भोवती पिवळी कड. करपा! आठवड्याभरात बटाट्यावरही तेच. दोघं एकाच कुळातले ना, वांगी-मिरचीही त्यातलीच.

करपा दोन जातींचा. आमचा लवकर येणारा, ऊब आणि ओलावा दोन्ही मानवणारा. दुसरा उशिरा येणारा, थंड ओलसर हवेतला. १८४५ पासून आयर्लंडमधले बटाटे कुजवले ते त्याने. पुढच्या काही वर्षांत तिथे सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि रोगराईने गेली. त्या मानाने आमची बारा रोपं म्हणजे काहीच नाही. पण ती बाबांच्या बियांची होती.

मी म्हटलं, जास्त लागलेली चार उपटून टाकू. आई ऐकेना. "भाकरी करपली म्हणून तवा टाकतो का आपण?"

"तवा नाही गं, पण करपलेली भाकरी टाकतोच ना!"

ती काही बोलली नाही. बोलून गेल्यावर माझं मलाच वाईट वाटलं.

सकाळी उठून पाहतो तर चार रोपं उपटून बांधाशी ठेवलेली. बाकीच्यांची डागाळलेली पानंही खुडलेली. "खतात टाकू नकोस हं, जाळ," मलाच वर सूचना.

मग बोर्डो मिश्रण केलं. सुपारीच्या कोळेरोगावर कोकणात मारतात तेच. १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं कालवून मग एकत्र करायचं. त्यात विळ्याचं पातं बुडवून बघायचं. तांबूस झालं तर चुना कमी पडलाय. अर्थात याने लागलेला रोग बरा होत नाही, निरोगी पानं वाचतात एवढंच. मुळाशी भाताचा पेंढा पसरला, म्हणजे मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. आणि पाणी झारीने वरून घालणं बंद. बुंध्याशीच, तेही सकाळी.

बटाटे निघाले ते सुपारीएवढे. आईने सालासकट परतले, एका वाटीत मावले. टोमॅटो मात्र आठ झाडांना बऱ्यापैकी धरले.

एका झाडाला शेवटपर्यंत डाग पडला नाही. त्याची फळं तिने कुणाला तोडू दिली नाहीत. मार्चमध्ये त्याचंच बी काढून वाळवलं आणि बाबांच्या जुन्या पुडीत बांधलं. पुढच्या वर्षी त्या वाफ्यात वाल. टोमॅटो विहिरीच्या बाजूला लावायचे, असं ठरलंय.

आईने ठरवलंय.