उगवतीकडं तोंड

वैरागहून सोलापूरकडं निघालं की रस्ता जवळजवळ दक्षिणोत्तर धावतो, थोडासा आग्नेयेला कललेला. या रस्त्याच्या कडेला शेतमालाचं दुकान टाकायचं म्हटलं, तर चारांतल्या दोन दिशा आपोआप गळतात. तोंड एक तर उगवतीला, नाहीतर मावळतीला. उत्तरमुखी दुकानाचा हट्ट धरणाऱ्याला कुबेर इथं सहजासहजी भेटत नाही.

माझ्या धाकट्या चुलतभावानं यंदा बांधालगत पत्र्याचं शेड घालायचं ठरवलंय. घरची भाजी, डाळिंबं, शाळू, तूर, सगळं तिथंच विकायचं. त्यानं मला विचारलं, "दादा, वास्तूच्या हिशेबानं कुठं काय ठिवायचं?" मी उत्तर द्यायच्या आत आत्या म्हणाली, "आधी भाजीला इचार की, तिला कुठं बरं वाटतंय." आत्याची निम्मी हयात आठवडी बाजारात पालाखाली गेली आहे. तिच्या त्या एका वाक्यानं माझ्या डोक्यात दिशांचा सगळा पट नव्यानं मांडला गेला.

मला आठ दिशांचे ते आठ धनी लहानपणापासून फार आवडतात. पूर्वेला इंद्र, आग्नेयेला अग्नी, दक्षिणेला यम, नैऋत्येला निर्ऋती, पश्चिमेला वरुण, वायव्येला वायू, उत्तरेला कुबेर, ईशान्येला ईशान. मोकळ्या रानात उभं राहिलं की आपल्या भोवती आठ जण पहाऱ्याला आहेत, ही कल्पनाच किती धीर देणारी आहे! वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत वास्तुविद्येला एक अध्याय दिला, त्याच्याही आधीपासून माणूस ऊन, वारा आणि पाऊस कुठून येतो हे बघत घर बांधत आला असणार. त्या बघण्याला देवांची नावं मिळाली, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिलं, असं मला मनापासून वाटतं.

आमचं शेत रस्त्याच्या मावळतीकडच्या अंगाला आहे. म्हणजे दुकानाचं तोंड उगवतीला येणार. सकाळचं कोवळं ऊन पाटीतल्या मेथीवर तासभर पडेल. तेवढं ओल्या फडक्यानं सांभाळता येतं. दुपार कलली की शेडची सावली पुढं, रस्त्याच्या बाजूला सरकत जाते. माल सावलीत, आणि समोर थांबलेलं गिऱ्हाईकही सावलीत. शिवाय आपल्याकडं गाड्या डाव्या हातानं चालतात, त्यामुळं संध्याकाळी सोलापूरहून वैराग-बार्शीकडं घरी परतणाऱ्यांना दुकान त्यांच्याच बाजूला लागतं. रस्ता ओलांडावा लागत नाही. समोरच्या अंगाचं दुकान मावळतीकडं बघतं. तिथं चार वाजता ऊन पत्र्याखालून थेट आत शिरतं आणि कोथिंबीर तासाभरात मान टाकते. पडदा सोडावा, तर माल रस्त्यावरून दिसत नाही. तोडलेल्या पाल्याचा जीव लगेच जात नाही. तो श्वास घेत राहतो, अंगातलं पाणी सोडत राहतो, आणि ऊन ते पाणी दुपटीनं ओढतं.

उत्तरमुखी दुकान शुभ का मानलं असेल, याचंही उत्तर आमच्या माथ्यावर आहे. वैराग साधारण १८ उत्तर अक्षांशावर येतं. वर्षाचा मोठा काळ दुपारचा सूर्य इथं दक्षिणेला कललेला असतो. मार्गशीर्ष-पौषात तर तो अर्ध्या आभाळाच्या थोडाच वर चढतो. उत्तरेकडं तोंड केलेल्या दुकानात तेव्हा दिवसभर सावली असते. फळभाज्यांसाठी याहून मोठी धनदौलत कुठली? कुबेर उगाच उत्तरेला बसला नाही.

मग आम्ही शेडचे कोपरे बोलत बसलो. उगवतीकडं तोंड करून उभं राहिलं की ईशान्य म्हणजे पुढचा डावा कोपरा. तिथं पाण्याचा माठ. वाटसरूला तांब्याभर पाणी देता येतं, आणि पाल्यावर शिंपडायला पाणी हाताशी राहतं. आग्नेय म्हणजे पुढचा उजवा कोपरा, अग्नीचा. पावसाळ्यात तिथं कणसं भाजायची शेगडी ठेवली, तर नैऋत्येचा आणि पश्चिमेचा वारा धूर बाहेर रस्त्याकडं नेतो. भाजीला धुराचा वास लागत नाही, आणि भाजलेल्या कणसाचा वास बरोबर जिथं जायला हवा तिथं जातो. नैऋत्येला, मागच्या उजव्या कोपऱ्यात, जड माल: शाळूची पोती, तुरीचं बारदान, लाल भोपळे. मोसमी वाऱ्याचा पहिला दणका याच कोपऱ्याला बसतो, त्यामुळं तिथला खांब पोत्यांनी दाबलेला बरा. शास्त्रानं मालकाची बैठकही याच कोपऱ्यात सांगितली आहे. तिथून सगळा माल दिसतो, पुढचा रस्ता दिसतो, आणि तागडी नजरेखाली राहते. वायव्य वायूची, तिथं मागं जाळी ठेवायची आणि आज-उद्या खपायलाच हवेत असे टोमॅटोचे कॅरेट मांडायचे.

हे सगळं आमच्या भागातल्या शेतकऱ्याला नवं नाही. द्राक्षबागेच्या ओळी दक्षिणोत्तर धरतात, म्हणजे वेलाच्या दोन्ही अंगांना ऊन मिळतं. कांद्याची एकपाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दोनपाखी पूर्व-पश्चिम उभारावी, असं कृषी सल्ल्यात सांगतात. डाळिंबाच्या झाडावर मावळतीकडच्या फळांना उन्हाचे चट्टे पडतात, म्हणून तिकडच्या फळांना आधी कापड लागतं. रानात दिशा पाळणारा माणूस दुकानात मात्र त्या कुणा तिऱ्हाइताकडून विकत घेतो, हे मला बोचतं.

त्याहून बोचते ती दक्षिणेची भीती. आठवडी बाजारात जागा वहिवाटीनं ठरते. ज्याच्या वाट्याला दक्षिणमुखी पाल आलं, त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून कुणीतरी यमाचं नाव घालून ठेवतं. भवानी उशिरा झाली की दोष दिशेवर. आत्याचं पाल कित्येक वर्षं दक्षिणेकडंच बघत होतं. तिनं त्या जागेवर पालेभाजी मांडलीच नाही. शाळू, हरभरा, तूर, जवस, कारळं. वाळलेल्या दाण्याला थंडीतल्या तिरप्या उन्हाची काय भीती? भाजी तिनं मागच्या बाजूला, पालाच्या पोटात ठेवली. त्या पालावर तिनं घर चालवलं आणि दोन पोरींची लग्नं केली. यम तिच्याकडून कधी रिकाम्या हातानं गेला नसेल, शेर-पायली ज्वारी घेऊनच गेला असेल.

दिशांचा विचार करताना मला नेहमी अरण आठवतं. आमच्याच जिल्ह्यातलं, माढा तालुक्यातलं गाव. १३व्या शतकातले सावता माळी तिथं मळा पिकवत राहिले. त्यांची पंढरी मळ्यातच होती, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अजूनही विठ्ठलाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते. २०१६ साली राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, आणि शेतकऱ्यांनी थेट विकायच्या आठवडे बाजारांच्या अभियानाला सावता माळ्यांचंच नाव दिलं गेलं. मला हे नाव फार योग्य वाटतं. ज्यानं आपल्या वाफ्यांची काळजी घेतली, त्याला दिशा शोधत फिरावं लागलं नाही.

शेडचे खांब आता रोवायचे आहेत. एक गोष्ट मात्र भावाला बजावून सांगितली आहे. मे महिन्याच्या मध्यावर सूर्य आमच्या बरोबर डोक्यावर येतो, पुढं काही आठवडे दुपारी किंचित उत्तरेलाही झुकतो, आणि जुलै सरताना पुन्हा माथ्यावरून दक्षिणेला जातो. त्या दिवसांत कुठलंच तोंड पुरेसं पडत नाही. पत्रा तापून आत भट्टी होते. म्हणून पत्र्यावर कडब्याचा जाड थर घालायचा, आणि उत्तरेच्या अंगाला दोन हात गोणपाट जास्तीचं सोडायचं. त्याच्या दोऱ्या आत्या स्वतः बांधणार आहे.