गुंडाळलेली वायर

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे इंग्लंडला मुलीकडे गेलो होतो. जावईबापूंनी चार दिवसांसाठी मोटारहोम भाड्याने घेतली. मोटारहोम म्हणजे चाकांवरची खोलीच! आत बिछाने, शेगडी, दिवे, सारे काही.

संध्याकाळी एका तळावर मुक्काम केला. तिथे खांबावरच्या निळ्या सॉकेटमधून १० अँपिअर वीज मिळे. खरे तर त्यासाठी २.५ चौरस मिलिमीटरची जाड केबल लागते. आम्ही मात्र घरचे बारीक वायरचे रीळ अडॅप्टर लावून जोडले. खांब जवळच, म्हणून चार हात वायर सोडली. बाकीची रिळावर तशीच राहिली.

रात्री थंडी पडली. ७०० वॉटचा हीटर चालूच होता, त्यात १५०० वॉटची किटली वरचेवर लावली. नातू झोपला होता. अचानक जळका वास आला! जावईबापूंनी धावत जाऊन खांबावरची वीज बंद केली. रिळाला हात लावला तर चटका बसला.

खांबावरचा ब्रेकर पडला नव्हता. कसा पडणार? २३० व्होल्टला २२०० वॉट म्हणजे साडेनऊ अँपिअर, मर्यादेच्या आतच. पण गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही. आतले वेटोळे तापून आवरण वितळते. गुंडाळलेली असताना किती वॉट आणि पूर्ण उलगडल्यावर किती, हे दोन्ही आकडे रिळावरच छापलेले होते. आम्ही कोणीच ते वाचले नव्हते.

आपल्या घरी, लग्नाच्या मांडवात वीज तीच, २३० व्होल्टची. तेव्हा वायर जाड घ्या, पूर्ण उलगडा आणि छापलेले आधी वाचा.