आडात किती, पोहऱ्यात किती

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणाला इतकी चपखल बसते की तिचाच संशय येऊ लागतो. शिक्षक आड, मूल पोहरा. आड खोल करा, पोहरा भरून येईल. भरला की नाही हे पाहायला चाचण्या आहेतच: प्रशिक्षणाआधी नि नंतर शिक्षकांची, वर्षाच्या शेवटी मुलांची.

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापुरात मात्र ही म्हण अडखळते. श्रावणात काठोकाठ भरलेला आड मे महिन्यात तळ दाखवतो, आणि वाडीवरच्या बाया हंडे घेऊन डोंगर उतरतात. आड तोच, खोली तीच. मग मोजायचं कुठल्या महिन्यात? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, मुलंही त्यांच्याबरोबर जातात. एखाद्या बाईंनी भिंगाचे प्रयोग मन लावून शिकून घेतले आणि जानेवारीत समोरची बाकंच रिकामी असली, तर एप्रिलच्या गुणांवरून आडात पाणी नव्हतं असं म्हणायचं का?

आणि आड नक्की कोण? खेकडा कुठल्या दगडाखाली सापडतो, कडूकंद किती उकळल्यावर खाता येतो, हे वाडीवरच्या पोराला ठाऊक असतं. तिथे पोहरा शिक्षकाच्या हातात असतो. म्हणजे दोर लांब करायला हवा. पण दोराची लांबी कुठल्या प्रश्नपत्रिकेत मोजतात?

पाण्यावरून खोपोली मनात येते. दहावीच्या पुस्तकात जलविद्युत केंद्राची आकृती आहे. खोपोलीचं केंद्र १९१५ पासून चालू आहे. वळवण, लोणावळा, शिरवटा या तलावांचं पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं, जनित्रं फिरवतं आणि पाताळगंगेला मिळतं. कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीला १९२२ पासून तसंच घडतं. तिथलं पाणी उल्हासला जातं. खरं तर हे घाटमाथ्याचं पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जायचं. माणसांनी ते वळवलं, मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, आणि आता ते अरबी समुद्राला जातं. एवढा मोठा धडा या पोरांच्या डोंगरावरून उतरतो. तो शिकवणाऱ्या शिक्षकाला मूल विचारेल, ‘एवढं पाणी खाली येतं, तर आमची विहीर का आटते?’ या प्रश्नाला भूगर्भशास्त्र लागेल, इतिहास लागेल, थोडं धैर्यही लागेल. कुठल्या प्रशिक्षणात हे देता येईल, मला सांगता येत नाही.

प्रशिक्षणाचे प्रयत्न तर जुनेच आहेत. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालं आणि त्याच दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला, ग्रामीण शिक्षकांबरोबर काम करायला पोचलं. तेव्हापासून किती शिबिरं झाली, किती अहवाल निघाले! मोजमापच नको, असंही मला म्हणवत नाही. न मोजलेल्या वाडीकडे कुणी फिरकत नाही. पण मोजलं की पोहऱ्यातलंच मोजलं जातं, आणि आडाबद्दलचा निकाल लागतो.

या तालुक्यांत शिकवणाऱ्या कुणी हे वाचलं, तर पुढच्या पावसाळ्यात वर्गाला घेऊन पाताळगंगेवर जावं. मुलं काय विचारतात ते लिहून ठेवावं आणि त्या प्रश्नांना गुण देऊ नयेत. ती वही तपासणी अधिकाऱ्यांना मात्र जरूर दाखवावी.