पाठमोरी

दुहेरीत मागच्या कोर्टात उभं राहणाऱ्या बाईला जोडीदारणीचा चेहरा दिसत नाही, दिसते ती पाठ. घामानं चिकटलेला शर्ट, मानेवर आलेले केस, सर्व्हिसच्या आधी कमरेमागे नेलेला हात आणि त्या हाताची खूण करणारी दोन बोटं. आमच्या हॉलवर सकाळी सहाच्या बॅचला मी कित्येक वर्षं मागे उभी राहते आहे. माझ्या जोडीदारणीची पाठ मला आता अक्षरशः पाठ झाली आहे. तिचा उजवा खांदा जरा खाली गेला की मला कळतं, ही आता फूल सोडणार, ते मला घ्यायचं आहे. (शटलला आमच्याकडे फूलच म्हणतात. सोळा पिसांच्या त्या नाजूक वस्तूला दुसरं नाव शोभत नाही, असं मला वाटतं.)

म्हणूनच जपानची बॅडमिंटनपटू आयाका ताकाहाशी हिचा खेळ पाहताना माझी नजर आपोआप मागे जाते. टीव्हीचा कॅमेरा आणि सगळा हॉल नेटपाशी खिळलेला असतो, कारण गुण तिथे मिळतो. तिची जोडीदारीण मिसाकी मात्सुतोमो तिथे असते, चणीनं लहान आणि डोक्यानं अतिशय शांत. ती रॅकेट जेमतेम वीतभर हलवते आणि फूल समोरच्या कोर्टात पडलेलं असतं. टाळ्या होतात. त्या एका हलक्या स्पर्शाआधी मागे कोणीतरी तीन-चार स्मॅश मारलेले असतात, एक ड्रॉप टाकलेला असतो आणि वीस फूट रुंदीचं कोर्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत धावून काढलेलं असतं. ते काम ताकाहाशीचं. स्वयंपाकघरात दिवसभर राबणारी एक आणि पंगतीत वाढणारी दुसरी असावी, तसं हे आहे. पण वाढणारीचा हात सराईत नसला तर राबणं वाया जातं, हेही खरं.

ताकाहाशीचा जन्म 1990 सालचा, नारा प्रांतातल्या काशिहाराचा. मात्सुतोमो 1992 ची, शिकोकू बेटावरच्या तोकुशिमाची. या दोन मुली भेटल्या त्या घरापासून फार दूर, उत्तरेकडच्या सेंदाईत, सेंट उर्सुला शाळेत. बॅडमिंटनसाठी कोवळ्या वयात घर सोडून आलेल्या. ताकाहाशी एक वर्ष पुढच्या वर्गात होती. जपानी शाळेत एका वर्षाचं हे अंतर लहान नसतं. वरच्या वर्गातल्या मुलीशी बोलण्याची भाषासुद्धा वेगळी असते. अशा ठिकाणी धाकटीनं पुढे उभं राहून डाव आखायचा आणि थोरलीनं मागे राहून तो रेटायचा, हे दोघींच्या अंगवळणी कसं पडलं असेल, याचा मी बरेचदा विचार करते. 2007 पासून त्या एकत्र खेळू लागल्या. शाळा संपल्यावर ताकाहाशी निहोन युनिसिस या कंपनीच्या संघात गेली, वर्षभरानं मात्सुतोमोही त्याच संघात आली. पुढे जपानी वर्तमानपत्रांनी दोघींची नावं जोडून एकच नाव केलं, ताकामात्सु. शिकोकू बेटावर याच नावाचं एक शहर आहे. दोन माणसांचं मिळून एक गाव व्हावं, हे मला फार आवडलं.

त्या काळात महिला दुहेरी म्हणजे चीन, असं समीकरण होतं. 1996 ते 2012, सलग पाच ऑलिंपिकमध्ये हे सुवर्ण चीनबाहेर गेलं नव्हतं. जपानच्या संघाला 2004 साली पार्क जू-बाँग हे कोरियन प्रशिक्षक लाभले, ते स्वतः बार्सिलोनात पुरुष दुहेरीचं सुवर्ण जिंकलेले. त्यांच्या हाताखाली जपानी मुली दमसासाचा खेळ खेळू लागल्या. चूक करायची नाही, घाई करायची नाही, समोरची जोडी थकेपर्यंत फूल परत पाठवत राहायचं आणि मग तोडायचं. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये ताकामात्सु जोडी जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. 2016 च्या मार्चमध्ये त्यांनी ऑल इंग्लंड जिंकली. जपानी महिला जोडीला ती 1978 नंतर मिळाली नव्हती.

आणि मग रिओचं ऑलिंपिक. गटातला त्यांचा पहिलाच सामना आपल्या ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पाशी होता. आपण हरलो. मी तेव्हा हळहळले होते, ताकाहाशीचं नावही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. अंतिम सामन्याच्या दिवशी, 18 ऑगस्टला, आपल्याकडे घराघरांत एकच नाव होतं, सिंधू. तिनं त्या दिवशी उपांत्य फेरीत जपानच्याच नोझोमी ओकुहाराला हरवलं. त्या आनंदात त्याच दिवशी त्याच स्पर्धेत आणखी काय घडलं, इकडे कोणाचं लक्ष जाणार? माझंही गेलं नाही. तो सामना मी पुष्कळ नंतर पाहिला आणि त्यानंतर किती वेळा पाहिला, ते मोजलेलं नाही.

समोर डेन्मार्कच्या ख्रिस्तिना पेडरसन आणि कामिला रितर यूल होत्या, दोघी उंच, दोघी अनुभवी. पहिला गेम जपाननं 18-21 असा गमावला, दुसरा 21-9 असा सहज घेतला. तिसऱ्या गेममध्ये डेन्मार्क पुढे गेलं, 19-16. सुवर्णासाठी त्यांना दोन गुण हवे होते, यांना पाच. यांनी पाच घेतले, सलग.

ते पाच गुण पाहताना मी फुलाकडे बघत नाही. ताकाहाशीच्या पायांकडे बघते. मी स्वतः मागे उभी राहते, म्हणून मला ठाऊक आहे की आपण हरायला लागलो की सर्वांत आधी पाय खोटं बोलू लागतात. फटका मारून झाला की मध्यावर परत यायचं असतं, ते पाऊलभर अलीकडेच थांबतात. कोपऱ्यातलं फूल जाऊ द्यावंसं वाटतं. आणि समोरची पाठ तर मागे वळून बघत नाही. तिनं बघायचंही नसतं. पुढची बाई मागचीला पाहत नाही, ती तिला ऐकते. लाकडी कोर्टावर बुटांची करकर कुठून आली, त्यावरून तिला कळतं की आपली जोडीदारीण कुठल्या कोपऱ्यात आहे आणि आता फूल कुठून येणार. विश्वास हा शब्द आपण फार मोघम वापरतो. इथे त्याला आवाज असतो.

21-19. बॅडमिंटनमधलं जपानचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. ताकाहाशी रडली, मनापासून, आडपडदा न ठेवता रडली.

त्यानंतरची वर्षं मला जास्त जवळची वाटतात. ज्या वाटेनं त्या गेल्या, त्याच वाटेनं धाकट्या जपानी जोड्या आल्या आणि पुढे निघून गेल्या. फुकुशिमा-हिरोता, नागाहारा-मात्सुमोतो. 2018 आणि 2019, दोन्ही वर्षी जागतिक स्पर्धेची अंतिम लढत याच दोन जोड्यांत झाली. एका देशाच्या जास्तीत जास्त दोन जोड्या ऑलिंपिकला जातात. म्हणजे ऑलिंपिक घरच्या अंगणात, तोक्योत, आणि गतविजेत्या जोडीलाच तिथे जागा मिळेल की नाही याची शंका. तरीही त्या झुंजत राहिल्या, एकेका स्पर्धेचे गुण जमवत. मग 2020 साल आलं आणि ऑलिंपिकच वर्षभर पुढे गेलं.

त्या ऑगस्टमध्ये ताकाहाशीनं निवृत्ती जाहीर केली. शरीर आणि मन आणखी वर्षभर टिकेल असं वाटत नाही, असा तिच्या सांगण्याचा आशय होता. वय तीस. तिनं सांगितलं तेव्हा रिओच्या त्या दिवसाला नुकतीच चार वर्षं झाली होती.

एकेरीतल्या खेळाडूनं रॅकेट ठेवली की तिचा एकटीचा खेळ संपतो. दुहेरीत मात्र आपण दुसऱ्या कुणाचा तरी खेळ सोबत घेऊन उठतो. मला तिचा हा निर्णय रिओतल्या पाच गुणांइतकाच कठीण वाटतो. मध्यावर परत न येणारे पाय घेऊन आणखी वर्षभर त्या पाठीमागे उभं राहता आलं असतं. कोणी बोट दाखवलं नसतं. पण मागचीच्या पायांत जीव उरला नाही, तर त्याची किंमत पुढची चुकवते. ताकाहाशीला हे तेरा वर्षं ठाऊक होतं.

मात्सुतोमो खेळत राहिली, मिश्र दुहेरीत, युकी कानेको हा तिचा जोडीदार. मिश्र दुहेरीत बाई पुढे उभी राहते, पुरुष मागे, त्यामुळे तिची जागा तीच राहिली. 2021 च्या मार्चमध्ये ही जोडी ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीपर्यंत गेली. साथीमुळे बर्मिंगहॅमच्या त्या हॉलमध्ये प्रेक्षक नव्हते. रिकाम्या हॉलमध्ये बुटांची करकर लख्ख ऐकू येते. मात्सुतोमो नेटपाशी, रॅकेट वर, पाठमोरी. आणि तिच्या मागे कानेको, ज्याच्याशी आदल्याच वर्षी ताकाहाशीनं लग्न केलं होतं.