पोच येईपर्यंत

पत्र टाकले आणि उत्तर आले नाही, म्हणजे मन दोन वाटांनी धावते. पत्र गहाळ झाले असेल काय, की टपालासच उशीर होत असेल? पहिले खरे असेल तर पुन्हा लिहावे; दुसरे खरे असेल तर थांबावे. हाच पेच संगणकांपुढे क्षणोक्षणी उभा असतो, हे वाचल्यापासून आम्हांला त्या निर्जीव यंत्रांविषयी आपुलकी वाटू लागली आहे.

संगणक आपला मजकूर लहान लहान पाकिटांत विभागून धाडतो आणि ती पोहोचल्याची पोच येण्याची वाट पाहतो. मुदतीत पोच आली नाही, तर पाकीट हरवले असे समजून ते पुन्हा धाडतो. परंतु मुदत किती असावी? ती फार लांब असेल तर काम खोळंबते. फार आखूड असेल तर पहिले पाकीट वाटेत सुखरूप असतानाच दुसरी प्रत निघते, आणि तुंबलेली वाट अधिकच तुंबते.

१९८६ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील बर्कली येथे असेच घडले. तेथील प्रयोगशाळा व विद्यापीठ यांत अंतर अवघे ४०० यार्डांचे. पण त्या वाटेवरील वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. जो तो धाडीत होता, आणि पोहोचत मात्र जवळजवळ काहीच नव्हते!

व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी या कोंडीचा शोध घेतला, आणि १९८८ साली उपाय प्रसिद्ध झाले. पोच येण्यास सरासरी किती वेळ लागतो एवढेच पाहू नये, त्यात चढउतार किती होतो हेही पाहावे. आजच्या रूढ नियमाप्रमाणे सरासरीत चढउताराची चौपट मिळवितात. सरासरी २ सेकंद व चढउतार पाव सेकंद असेल, तर मुदत ३ सेकंद. चढउतार १ सेकंद असेल, तर ६ सेकंद. ज्याच्या येण्याचा नेम नाही, त्याची वाट अधिक पाहावी, हा व्यवहारातलाच न्याय नव्हे काय? मुदत टळली तर पुढची मुदत दुप्पट करावयाची.

वेगाचेही तसेच. आरंभ थोड्या पाकिटांनी करावयाचा, पोच मिळत गेली की वेग वाढवावयाचा; वाट भरत आल्याचा अंदाज आला की वाढ अगदी बेताची ठेवावयाची. पाकीट हरवले, की वेग एकदम निम्मा. वाढावे हळूहळू, माघार घ्यावी झटकन! पुढे या नियमांत अनेक फेरफार झाले, तरी त्यांतील विवेक टिकून आहे.

आम्हांला सर्वांत विशेष वाटते ते हे, की वाटेवर बहुधा कोणी शिपाई उभा नसतो. संयमाचा नियम धाडणाऱ्याच्या स्वतःच्याच आज्ञावलीत असतो. एखाद्याने तो मोडला, तर प्रथम त्याचाच लाभ होतो. सर्वांनी मोडला, तर बर्कलीची गत होते. नळावरच्या रांगेत आणि बसच्या दाराशी आम्ही रोज हेच पाहतो. फरक इतकाच, की यंत्राला हा नियम एकदा लिहून दिला की पुरते. आपणांस तो दररोज नव्याने पाळावा लागतो.